आंडेरची गिटार

नंदुरबारात बँडची वाद्यं विकणारा आणि दुरुस्त करणारा एक दुकानदार आहे. तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतच नाही, हातांकडे बघून बोलतो. पन्नाशीच्या बाईने स्वतःसाठी गिटार कशी मागायची, म्हणून मी "मुलीला हवीय" असं सांगितलं.

"आंडेरले का? मंग तुम्हीच धरी देखा." मुलीला तो अहिराणीत आंडेरच म्हणतो.

पहिल्या गिटारची लाकडी पेटी इतकी जाड की माझा खांदा वर चढला. त्याने ती काढून घेतली आणि बारीक पेटीची दिली. ती मांडीवर अलगद बसली.

पुढे तारा बदलायला गेले की विचारायचा, "आंडेर वाजाडी ऱ्हायनी ना?" मी खुशाल हो म्हणायचे.

परवा बाजारात त्याने तेच विचारलं, आणि पुण्याहून आलेली माझी मुलगी शेजारीच उभी. "आई, काय वाजवते मी?"

त्याने तिच्या लांब नखांकडे पाहिलं; अशा नखांनी तार दाबताच येत नाही. "मन्ही चूक व्हयनी, ताई. ती दुसरी बाई व्हती."

तारांनी घट्टे पडलेली बोटं मी पदराखाली घेतली. पण तो पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत होता. हात लपले, तोंड कुठे लपवू?