दुसरा आवाज

दानिएल अण्णा गाणं शिकवायला आले की आधी दार लावून घ्यायचे. मी विड्या वळत असायची. एकाच्या कानावर दुसऱ्याचा आवाज पडू नये म्हणून ते प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या घरी शिकवत. आम्हाला स्वरलिपी वाचता येत नव्हती, त्यामुळे त्यांनीही काही लिहून ठेवलं नाही. "तुझं तू धर गं मार्था. दुसऱ्याचं गुणगुणलीस तर घसरशील," म्हणायचे.

दिवसा ते निपाणीत तंबाखूच्या वखारीत असत आणि रविवारी आमच्या चर्चचं गायनमंडळ चालवत. बायको वारली तेव्हा त्यांनी बायबलमधल्या अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राला चार आवाजांत चाल लावली, एकाच वेळी प्रत्येकाचा सूर वेगळा. दुःखाची बहुतेक स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. हे अंधारातच संपतं. पाळकसाहेब म्हणाले, शेवटी स्तुतीची एक ओळ जोडा, मग उपासनेत घेऊ.

"ज्यानं लिव्हलं त्यानं जोडली न्हाय. मी कशाला खोटं बोलू?" अण्णा म्हणाले. मग आम्हा चौघांना सांगितलं, "माझ्या मातीला म्हणा. तवर इसरू नका म्हंजे झालं."

सरावाला चौघं एकत्र उभे राहिलो तेव्हाच मला कळलं की मी एवढे दिवस काय शिकत होते. माझा दुसरा आवाज, सूर खालचा, जवळजवळ सपाट. इतर तिघांना त्यावर उभं राहता येत होतं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. "लई झालं," एवढंच म्हणाले.

पुढे पहिला आवाज लग्न होऊन पुण्याला गेला आणि तिकडेच विसरला. तिसऱ्याने चर्च सोडलं. चौथे आप्पा वारले. अण्णांच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी एकटीच बसने बेळगावला गेले. जन्मात पहिल्यांदा धीर करून म्हटलं, अण्णा, बाकीचे आवाज मला सांगा, मी पाठ करते. त्यांनी ओठ हलवले. घशाच्या भोकातून नुसती हवा आली. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

अण्णांच्या मातीच्या वेळी पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का. मी पुढे झाले नाही. माझ्या एकटीच्या सुराला कुणी गाणं म्हटलं नसतं. शेवटी सगळ्यांनी स्वर्गातल्या आनंदाचं गीत म्हटलं. मीही म्हटलं.

विड्या वळताना मी माझा आवाज रोज म्हणून बघते. परवा तिसऱ्या ओळीवर अडले. सूर वर जातो की तिथंच थांबतो, ते आठवेना. विचारायला कुणी नाही.