पिशवीची गाठ

लिंबागणेशच्या वरच्या माळावर आम्ही बॉक्साइट शोधत होतो, तेव्हा खड्डे खणायला एक मामा यायचे. दगड फोडला की आधी जिभेला लावायचे. चिकटला की थुंकून म्हणायचे, "ही माती हाय, साहेब." बॉक्साइटातून अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा कच्चा माल, काढायला तसली माती म्हणजे अडचणच. प्रयोगशाळेचा अहवाल महिन्याने यायचा आणि बहुतेक वेळा मामांचंच खरं ठरायचं.

नमुन्याची पिशवीही तेच भरायचे, खड्ड्याच्या चारी बाजू थोड्या थोड्या खरवडून. मग सुतळीची दुहेरी गाठ मारून तिच्यावर अंगठा दाबायचे.

आमच्या वरिष्ठांना अहवालात अ‍ॅल्युमिनाचा चांगला आकडा हवा होता. एका दुपारी मी पिशवीतली त्या मातीची पांढरी ढेकळं वेचून फेकली. मामांनी ती गोळा करून परत आत टाकली आणि गाठ मारली.

"निघालं ते समदं तपासाय जाऊ द्या की. खाण झाली तर मलाबी गावातच काम लागंल. पर न्हाई त्याला हाय कसं म्हनावं?"

मी हसण्यावारी नेलं. ते भाकरी खायला झाडाखाली गेल्यावर मी गाठ सोडली, ढेकळं काढली आणि जमेल तशी गाठ मारली. हे सांगताना आजही कान तापतात.

परत आल्यावर मामांनी गाठीकडं पाहिलं. पाणी प्यायले, पुढचा खड्डा खणला, पिशवी नेहमीसारखी चारी बाजूंनी भरली. बांधली मात्र नाही. तशीच आणून माझ्यापुढं ठेवली आणि सुतळी माझ्या हातात दिली.

"आता तुमीच बांधत जा, साहेब."