मोबदला हा माझा शब्द

बदलापूरच्या पुढच्या पाड्यांवरची माणसं जंगलातून काय काय आणतात आणि त्याचं मोल किती, हे मोजणाऱ्या एका संशोधनात मी दोन वर्षं काम केलं. इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायचं काम मी हौसेने मागून घेतलं. सातवा प्रश्न असा झाला : 'हे जंगल उद्या राहिलं नाही, तर तुम्हाला किती मोबदला हवा?' मोबदला हा शब्द मला फार नेमका वाटला. अंबरनाथच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसून उंटावरून शेळ्या हाकणारीला तसंच वाटणार.

बारवीकडच्या एका पाड्यावर रानभाज्या विकणारी मावशी होती. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तिने भराभर दिली, सातव्याला नुसती हसली. मी पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा. 'सांगता येत नाही' असा पर्याय मी ठेवलाच नव्हता. दारात आलेली पाहुणी अडून बसली म्हणून बिचारीने एक आकडा सांगितला आणि संमतीपत्रावर अंगठा दिला. मी खूश होऊन पुढच्या घरी गेले.

पंधरा दिवसांनी तिच्या सुनेचा फोन आला. "म्याडम, तुमी कसला अंगठा घेतला? सासू दोन दिस जेवली नाय. पाड्यात कोन बोलत नाय तिच्याशी. हिनं जंगल विकलं म्हनतात."

फोन ठेवून मी सातवा प्रश्न पुन्हा वाचला. धरणात नाहीतर रस्त्यात जमीन गेली की सरकार देतं, तो मोबदला. मोबदला ठरला म्हणजे जमीन गेलीच, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला एम. ए. होऊनही कळलं नव्हतं.

पाड्यावर जायला रिक्षात बसल्यापासून मला भीती वाटत होती. लोक अंगावर येतील याची थोडी, आणि मावशीने जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं असेल याची फार. ती ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. सगळ्यांना बोलावून मी सांगितलं, की मी सरकारची माणूस नाही, जंगल कुणी घेत नाहीये, शब्द माझा चुकला. तिच्या अंगठ्याचा कागद सगळ्यांसमोर फाडला.

"घ्यायचं नव्हतं, तर भाव कशाला इचारलास?" एक म्हातारा म्हणाला.

शब्द चुकला, एवढंच मी पुन्हा म्हटलं. तरी लोक हळूहळू पांगले, आणि शेजारच्या बाईने मावशीला पाण्याचा तांब्या आणून दिला. मला हायसं वाटलं. निघायला उठले, तर मावशीने माझा हात धरला.

"बाय, कागुद फाडलास. मी बोललेला आकडा कुठं हाय?"

तो मी अंगठा घेतला त्याच आठवड्यात संगणकात भरून पुढे पाठवला होता. इतरांच्या आकड्यांत मिसळून त्याची सरासरीसुद्धा निघाली होती.

"कुठेच नाही, मावशी," मी म्हणाले.

"मंग जेवते आता," ती म्हणाली आणि सुनेला दोन ताटं वाढायला सांगितली. मी खाली मान घालून तिच्याबरोबर जेवले.