सिमेंटवरचे मोर

बसा, चहा घ्या, आणि शेवटी हसणार नाही असं आधी कबूल करा. हसणारच आहात म्हणा. इतकी वर्षं मी हा किस्सा सांगतोय, अजून एकही माणूस गंभीर चेहऱ्याने उठलेला नाही. पण माझ्याइतका मूर्खपणा अख्ख्या बदलापुरात कुणी केला नसेल, ही खात्री मला तेव्हाही होती आणि आजही आहे.

साल असेल बावन्न-त्रेपन्न. मी बदलापूरहून सायकल मारत रोज उल्हासनगरला जायचो. तिथे एका बराकीत टेकचंद साईंचा फोटो स्टुडिओ होता. साईं सिंधमधून सगळं मागे टाकून आलेले, येताना आणला तो फक्त एक कॅमेरा. मी त्यांच्याकडे फोटोंवर ब्रश फिरवायच्या कामाला. साईंना स्वतःला चित्रातलं ओ की ठो कळत नसे, पण माणूस अगदी सोन्यासारखा. ते मला 'पेंटर' म्हणायचे आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

कारण मला खरोखरच चित्रकार व्हायचं होतं. घरी मी जी चित्रं काढायचो ती जरा भलतीच असायची. आभाळात पोहणारे मासे. पोटाला खिडक्या असलेला घोडा. अंबरनाथच्या देवळावरून थेट चंद्रावर जाणारा जिना. वडील ती बघून आईला विचारायचे, "याला ताप वगैरे येतो का गं?" शेवटी त्यांनी निर्वाणीचं सांगितलं. दिवाळीपर्यंत एका तरी जाणत्या माणसाने चित्रांना चांगलं म्हटलं पाहिजे, नाहीतर ब्रश ठेवायचा आणि कारखान्यात चिकटायचं.

दिवाळीला महिना उरला असताना देवासारखे धावून आले ते गुप्तेसाहेब. अंबरनाथच्या एका कारखान्यात इंजिनियर. त्यांना फोटोग्राफीचा भयंकर नाद. सुट्टी मिळाली की मुंबईला जाऊन नव्या इमारतींचे फोटो काढायचे. त्यांनी क्लबच्या हॉलमध्ये प्रदर्शन ठरवलं होतं, आणि उद्घाटनाला मुंबईचे एक बडे आर्किटेक्ट येणार होते.

"राणे," गुप्तेसाहेब मला म्हणाले, "तुमची पाच चित्रं मी माझ्या फोटोंशेजारी लावतो. तुम्ही फक्त माझ्या बारा फोटोंवर शेवटचा हात फिरवा. तुमच्या दुकानात नेहमी करता ना, तसंच. मी आता दौऱ्यावर चाललोय, एकदम उद्घाटनालाच भेटू."

आता ऐका, घोळ इथेच झाला. साहेबांच्या मते शेवटचा हात म्हणजे प्रिंटवरचे धुळीचे चार पांढरे ठिपके झाकायचे. पण आमच्या दुकानात नेहमी काय चालायचं? मिटलेले डोळे आम्ही उघडायचो. पडलेले दात बसवायचो. सुनेच्या अंगावर नसलेले दागिने घालायचो, आणि वारलेल्या आजोबांना नातवाच्या मुंजीत खुर्चीवर आणून बसवायचो. जसा आहे तसा फोटो आमच्याकडून नेला तर गिऱ्हाईक भांडायचं.

मी पाकीट उघडलं आणि मला अक्षरशः गलबलून आलं. काय त्या इमारती! एक मजला, त्यावर तस्साच दुसरा, त्यावर तस्साच तिसरा. ना कमान, ना घुमट, ना नक्षी. गच्चीवर एक कावळासुद्धा नाही. लग्नाला निघालेल्या बाईच्या गळ्यात फुटका मणी नसावा तशा त्या बिचाऱ्या उभ्या होत्या.

"साईं, हे असंच परत द्यायचं?" मी विचारलं.

साईंनी चष्मा वर करून पाहिलं. "अडे पेंटर, गिराइक को नंगा फोटो नहीं देने का. थोडा मोर-बिर डालो ना, बाबा."

मग काय विचारता? चार दिवस मला जेवणाची शुद्ध नव्हती. दहा मजली इमारतीला मी सोनेरी घुमट चढवला. गॅलऱ्यांच्या कठड्यांवर मोर बसवले, खिडक्यांतून वेली सोडल्या. एका ऑफिसच्या इमारतीला पंख दिले आणि तिला समुद्रावरून दोन वीत वर उचलली. रस्त्यावरच्या दिव्यांना कमळं आणली. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, हे अगदी मनापासून सांगतो. फ्रेमवाल्याकडून फ्रेमा आणल्या, बारा फोटो आणि माझी पाच चित्रं स्वतःच्या हाताने भिंतीवर टांगली आणि नवा सदरा घालून साईंसोबत दारात उभा राहिलो.

गुप्तेसाहेब पाहुण्यांना घेऊनच आले. आत पाऊल टाकलं, पहिली फ्रेम पाहिली आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. मला वाटलं, भारावले.

"राणे," ते दातओठ खात पुटपुटले, "हे काय आहे?"

मी उत्तर देणार तेवढ्यात पाहुणे घुमटाच्या फोटोसमोर थांबले. उंच, पांढरे केस, तोंडात पाइप.

"ही इमारत," ते सावकाश म्हणाले, "मी बांधली आहे."

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं?

"हा घुमट कुणी चढवला?" पाहुण्यांनी विचारलं.

"या राण्यांकडे दिले होते मी फोटो," गुप्तेसाहेब म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मी नाही, साहेब," मी म्हणालो. तेवढ्यावर गप्प बसावं ना? पण जीभ सुटली ती सुटलीच. "आईची शपथ, मी नाही. दुकानात ठेवले होते, कुणीतरी हा खोडसाळपणा केलाय. एवढ्या सुंदर इमारतीची अशी विटंबना? अशा माणसाचे हात तोडले पाहिजेत. माझी ती पलीकडची पाच, साहेब. ती मासेवाली."

मागून साईं पुढे आले. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हात जोडून उभे राहिले. "साहब, मैंने किया. इसका कोई कसूर नहीं. जो बोलना है, मेरे को बोलो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं सगळं गमावून आलेला माणूस, माझ्यासाठी आणखी बोलणी खायला उभा राहिला होता. खरं तर तेव्हाच मी खरं बोलायला हवं होतं. नाही बोललो.

पाहुण्यांनी तोंडातला पाइप काढला आणि साईंचा हात दोन्ही हातांत धरला. "अहो, तुम्ही होता कुठे इतके दिवस? मी मुंबईत एक थिएटर बांधतोय. आतली अख्खी भिंत कोरी ठेवलीय, आणि तिच्यासाठी असाच एक वेडा माणूस शोधतोय."

मी काय केलं असेल? मी उडी मारली. "साहेब, मीच तो. मीच केलंय सगळं."

"तुम्ही?" पाहुणे म्हणाले. "आत्ता तर तुम्ही हात तोडायला निघाला होतात."

"सच बोलता है, साहब," साईं कळवळून म्हणाले. "मेरे को तो ब्रश पकड़ना भी नहीं आता. सब इस पेंटर का है."

पाहुणे गुप्तेसाहेबांकडे वळले. "पाहिलंत? मघाशी दोष स्वतःवर घेतला, आता श्रेय शिष्याला देतोय. असा गुरू मिळत नाही हो." मग त्यांनी माझी पाच चित्रं एकेक करून पाहिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हात बरा आहे तुमचा. पण छाती नाही. यांच्या हाताखाली रंग कालवा, येईल हळूहळू."

तर ती भिंत आम्ही केली. म्हणजे सहा महिने परांचीवर चढून मोर मी काढले, आणि साईं खाली स्टुलावर बसून चहा मागवत राहिले. आर्किटेक्टसाहेब आल्याची चाहूल लागली की मी घाईघाईने खाली उतरायचो आणि ब्रश साईंच्या हातात द्यायचो.

एकदा साहेब फार वेळ थांबले. साईंचा नाइलाज झाला. त्यांनी डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन, माझ्या मोराच्या पिसाऱ्यावर एक वेडीवाकडी रेघ ओढली.

साहेब चार पावलं मागे सरकून ती रेघ बघत राहिले. मग मला म्हणाले, "राणे, ही रेघ नीट पाहून ठेवा. ही तुम्हाला जन्मात जमणार नाही."

घरी येऊन मी महिनाभर प्रयत्न केला हो. नाही जमली.