बेलभंडारा मोडल्यावर

चंपाषष्ठीच्या आधी माझ्या मावसबहिणीचा, सुनंदाताईचा, फोन आला. तिच्या गावातली पोरं दरवर्षी खंडोबासमोर बेलभंडारा उचलतात आणि नशेला शिवणार नाही अशी शपथ घेतात. तू ब्लॉगवर मेल्या मिसळीवर पानं भरतेस, हेही बघ म्हणाली. मला भरीत-रोडग्याचाही मोह होताच.

पुण्याहून जाणार असाल तर उजाडायच्या आत वाघोली मागे टाका, नाहीतर कोंडीत नशिबाला बोल लावत बसाल. शिरूरला घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. सुप्याला एसटीतून उतरून पुढे वडाप जीप मिळते, माणशी तीस रुपये, पण भरल्याशिवाय ती जागची हलत नाही. मी सुप्यात उतरले तेव्हा एमआयडीसीतली रात्रपाळी सुटली होती. तारवटलेल्या डोळ्यांची पोरं टपऱ्यांवर चहा पीत होती. पाळीत झोप येऊ नये म्हणून गोळ्या घ्यायची सवय इथूनच गावात शिरली, असं ताई सांगते. त्यात गावचं एक पोरगं दगावलं, तेव्हा बायका उठल्या आणि ही शपथ सुरू झाली.

देवळासमोर पोरं रांगेत उभी होती. प्रत्येकाची आई त्याच्या तळहातावर बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा ठेवायची आणि तो मोठ्यानं शपथ घ्यायचा. मुलाणी आळीतल्या पोरांनी आदल्या दिवशी मशिदीत कसम घेतली होती, तीही येऊन उभी होती. मला भरून आलं. पण ताईचा मुलगा वैभव कुठे दिसेना. कंपनीत सुट्टी नाही म्हणाली. पंगतीत मात्र बायका तिच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होत्या.

संध्याकाळी तिनं खरं सांगितलं. वैभवनं पहिल्याच वर्षी भंडारा उचलला होता आणि चार महिन्यांत मोडला. त्यानंतर आठवड्यात ताईला लकवा मारला, डावा हात गेला. तेव्हापासून पोरगा सुप्यात खोली करून राहतोय, घराचा उंबरा चढला नाही.

दुसऱ्या दिवशी रोडग्याचा डबा घेऊन आम्ही त्याच्या खोलीवर गेलो. गालफडं बसलेली, अंगात कंपनीचा शर्ट. डबा त्यानं आईच्या हातून घेतला नाही, खाली ठेवायला सांगितला. मी म्हटलं, नगरला सावेडीत चांगले डॉक्टर आहेत, आत्ताच चल माझ्याबरोबर.

"मावशी, डॉक्टर गोळी सोडवंल. भंडारा कोन उतरवनार?" तो म्हणाला. "मी खोटा पडलो आन् आईचा हात गेला. आता परत सोडतो म्हनलं आन् परत मोडलं, तर?"

तो आईच्या उजव्या हाताकडे बघत होता.

मी ताईकडे पाहिलं. तुझ्यामुळे नाही रे, बीपीमुळे झालं, एवढंच तिनं म्हणायचं होतं. तिनं डबा खाली ठेवला आणि ती दाराकडे वळली. परतताना जीपमध्ये मी चिडून विचारलं, तेव्हा म्हणाली, "डॉक्टर बी बीपीच म्हनले. पन मला तसं वाटत न्हाई, तर लेकराशी खोटं कसं बोलू? त्याच्या हातावर भंडारा मीच ठिवला हुता ना."

निघण्याआधी शपथ-कमिटीच्या अध्यक्षांना भेटले. ज्याचा पाय घसरला त्याला पुन्हा भंडारा उचलू द्या, गावासमोर घरी आणा, असं सुचवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मोडता येतो असं एकदा कळलं की उद्या सगळेच मोडतील, म्हणाले. त्यांनीच त्या गेलेल्या पोराला खांदा दिला होता, त्यामुळे मला वाद घालता आला नाही.

घरी येऊन महिना झाला. पोस्ट लिहायला बसते आणि उठते. जाऊ नका असं म्हणवत नाही, कारण त्या रांगेतली कितीतरी पोरं त्या चिमूटभर हळदीनं वाचलीत. परवा ताईनं ब्लॉगसाठी फोटो पाठवला. वेशीवर नवा फलक लागलाय: या गावातला एकही तरुण नशा करत नाही.

फलकावर खोटं काही नाही. वैभव सुप्यात राहतो.