तलावावरचं पहिलं टोपलं

वडिलांना दगडावर कोरायला एक नाव हवं होतं आणि ते नक्की करून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी नुकताच बी.ए. होऊन ब्रह्मपुरीच्या शाळेत मास्तर झालो होतो. त्यामुळे मला सगळं कळतं असं घरच्यांना वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटायचं.

मालगुजारी, म्हणजे गावाची मालकी आणि सारा गोळा करायचा हक्क, जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. गाव हातातून गेलं याचं वडिलांनी फारसं मनावर घेतलं नाही. तलाव सरकारजमा झाला ते मात्र जिव्हारी लागलं. आमची जात तलाव बांधणारी. धानाच्या मुलखात पाळ, म्हणजे तलावाचा बांध, शाबूत तर गाव शाबूत, हे आम्हाला चालता येण्याआधी कळतं. तलाव सरकारचा झाला तर होऊ दे, पण तो बांधला कोणी हे तरी लोकांना दिसू दे, म्हणून त्यांनी पुरुषभर उंचीचा काळा दगड घडवून घेतला. अक्षय तृतीयेला नायब तहसीलदारांना बोलवायचं आणि त्यांच्या हातून तो पाळीवर उभा करायचा, असं ठरलं. अडचण एवढीच होती की आमच्या भाटाच्या वहीत मूळपुरुषाचं एक नाव होतं, आणि नदीपलीकडचे आमचे भाऊबंद दुसरंच नाव सांगत. सरकारी माणसासमोर फजिती नको म्हणून वडिलांना कागद हवा होता.

या सगळ्यात एक गोष्ट होती, तिच्याबद्दल वडील माझ्याशी बोलले ते दुसरीकडे बघत.

आमच्याकडे अक्षय तृतीयेला घरात पितरांना जेवू घालतात आणि त्याच सकाळी पाळीवर माती टाकून तिच्या डागडुजीला सुरुवात करतात. मातीचं पहिलं टोपलं घरातली थोरली विधवा टाकते. घरात विधवा नसेल तर भाऊबंदांतली बोलावून आणतात. का, ते कोणी विचारत नव्हतं. चाल होती. गेली तीस-बत्तीस वर्षं ते टोपलं माझी आत्या टाकत होती. ती वडिलांची मोठी बहीण. सातव्या वर्षी लग्न झालं, नवव्या वर्षी नवरा गेला आणि ती परत आली ती कायमची. घरात लग्न निघालं की ती मागच्या ओसरीवर जाऊन बसायची. हळदीला नाही, ओटीला नाही, पहिल्या पेरणीला समोर नाही. वर्षातून एक सकाळ ती सगळ्यांच्या पुढे चालायची, आणि तिच्या मागे वडील, त्यांच्या मागे गाव.

यंदा साहेब येणार. साहेबांच्या देखत विधवेनं आरंभ करायचा हे बरं दिसणार नाही, पहिलं टोपलं साहेबच टाकतील, असं वडिलांचं म्हणणं. आणि हे आत्याला मी सांगावं.

मी सांगितलं. ती अंगणात मोहफुलं पसरवत होती. हात थांबला नाही. "बरं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मंग टोपलं कोनाले देऊ? आनून ठेवलं हाय मी."

ती दरवर्षी बुरडाकडून नवं टोपलं विणून घ्यायची आणि शेणानं सारवून ओसरीच्या आढ्याला टांगायची. मी वर पाहिलं. टोपलं टांगलेलं होतं. मला तिथून लवकर निघावंसं वाटलं आणि मी निघालोही.

भाट आला. आमच्याकडे भाट म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची नावं वहीत लिहून ठेवणारा. दोन-तीन वर्षांनी येतो, झालेले मुलगे लिहून घेतो, जुनी नावं सूर लावून वाचतो आणि धोतर घेऊन जातो. त्याच्या वहीप्रमाणे आमचा मूळपुरुष गोंड राजाच्या बोलावण्यावरून काशीहून आला, जंगल तोडलं, वाघ मारला आणि एका उन्हाळ्यात तलाव बांधला. वडील माना डोलवत ऐकत होते. मी मनात म्हटलं, एका उन्हाळ्यात वाघ आणि तलाव दोन्ही म्हणजे फारच झालं. 

मग मी छोट्या रेल्वेनं चांद्याला गेलो. दफ्तरखान्यात दोन दिवस बसलो. पहिल्या बंदोबस्ताची मिसल, म्हणजे जमिनीची पहिली पाहणी झाली तेव्हाच्या कागदांचा गठ्ठा, मोडीत होती आणि माझ्या बी.ए.ला मोडी येत नव्हती. एका म्हाताऱ्या कारकुनानं चष्मा पुसत ती मला वाचून दाखवली. एका तक्त्यात 'गाव कोणी बसवला' या रकान्यात भाटानं सांगितलं तेच नाव होतं. मला हायसं वाटलं, मी माझी वही मिटायला लागलो. कारकून म्हणाला, थांबा, मागं अजून आहे.

मागे गावची हकीकत होती. त्या वेळच्या मालगुजारानं, म्हणजे आमच्याच एका पूर्वजानं, ती सांगून लिहवून घेतली होती. त्याचे आजोबा वैनगंगेच्या वरच्या अंगानं बायको-मुलासह येत होते, वाटेतच तापानं वारले. त्याचा बाप तेव्हा पाच वर्षांचा होता. 'त्याची आई, अमक्याची बेवा, हिने माणसे जमवून पाळ घातली व गाव केला.' पुढचं पान फाटलेलं होतं.

भाटाचा वाघ मारणारा पुरुष पाच वर्षांचा निघाला. नदीपलीकडचे सांगत होते ते नाव वाटेत मेलेल्या आजोबांचं. त्याच गठ्ठ्यात दोन पानांवर दोन गोष्टी. बेवा म्हणजे विधवा हे मला ठाऊक होतं, तरी मी कारकुनाला दोनदा विचारलं. बाईचं नाव काय, हेही विचारलं. त्यानं ओळीवर बोट फिरवलं. "नाव नाई लिवलं जी. बायांचं कोन लिवते?"

आता खरं काय? कागद एकमेकांशी भांडत होते आणि मी त्यांच्यात न्याय करणारा कोण. परत आल्यावर मी घरी न जाता आधी जंगलाकडच्या टोल्यावर, म्हणजे गोंडांच्या वस्तीवर, गेलो. तिथला एक गोंड म्हातारा दरवर्षी पाळीवरच्या पेनाला, म्हणजे देवाला, तांदूळ वाहायचा आणि मगच आत्या टोपलं टाकायची. इतकी वर्षं तो आमच्या शेजारी उभा होता आणि त्याला काही विचारावं असं कोणालाच सुचलं नव्हतं. मी वाचलेलं सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही, उलट माझंच वाटलं.

"बाईच होती," तो म्हणाला. "पानी कुठी थांबते ते आमच्या आज्याच्या आज्यानं तिले दाखवलं. टोपलं बी त्यानंच दिलं. तिचा मानूस मेला होता, मंग कोन टाकन पहिलं?" आणि मग हसत, "तुमी म्हनता गाव बसवलं. आमी इथीच होतो, भाऊ."

त्या शेवटच्या वाक्यानं माझा मूळपुरुष तर गेलाच, मूळही डळमळलं. परत येताना मला स्वतःची चांगलीच लाज वाटली. चांद्याला जाऊन दोन दिवस धूळ खाल्ली, आणि उत्तर घरापासून अर्ध्या कोसावर विडी ओढत बसलं होतं.

वडिलांना सांगितलं तेव्हा ते आधी चिडले. भाटाची वही खोटी का, बापजादे काय वेडे होते का, गोंडाच्या सांगण्यावर दगड कोरायचा का. मी कागदाची नक्कल पुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवली. पाथरवट रोज छन्नी घेऊन येऊन बसायचा, तंबाखू खायचा आणि परत जायचा. मला वाटलं, काही बदलणार नाही. आत्याला मी काहीच सांगितलं नव्हतं. उगाच आशा लावून कशाला?

अक्षय तृतीया आली. साहेब आले, त्यांना हार घातला. पाळीवर कोरा दगड आडवा पडला होता. गोंड म्हाताऱ्यानं तांदूळ वाहिले. आत्या बायकांच्याही मागे उभी होती. टोपलं एका सालदाराच्या हातात होतं. साहेब पुढे सरसावले तेव्हा वडिलांनी त्यांना हात जोडले आणि सालदाराच्या हातातलं टोपलं घेतलं. माती त्यांनी स्वतः भरली. मग बायकांच्या घोळक्यातून वाट काढत मागे गेले.

"बाई," ते म्हणाले, "उचल. हे तुयंच हाय. तुयासारख्याच एका बाईनं घातली हे पाळ."

आत्यानं टोपलं डोक्यावर घेतलं. चालताना तिनं मागे पाहिलं नाही. मला रडू आलं, आणि ते मी धुळीवर ढकललं. साहेबांनी दुसरं टोपलं टाकलं, आणि त्यांचं काही बिघडलेलं दिसलं नाही. दगड तसाच, काही न कोरता उभा केला.

दुपारी पितरांची पानं उठल्यावर मी वडिलांकडून नक्कल घेऊन आत्याला सगळं वाचून दाखवलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. संपल्यावर तिनं विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

लिहिलेलं नाही, म्हणून सांगितलं.

"हां," ती म्हणाली. "मायं तरी कुठी लिवून हाय?"

वडील दारातच आचवत होते. त्यांनी ऐकलं, तांब्या खाली ठेवला आणि बाहेर गेले. मी मात्र तिथंच बसून राहिलो, कारण मला तिचं नाव माहीतच नव्हतं. मला ती आत्या, वडिलांना बाई, गावाला मोठ्या बाई. मी विचारलं. तिला थोडा वेळ लागला. सासरचं नाव दोन वर्षं होतं, ते तिनं आधी सांगितलं. मग आईनं ठेवलेलं सांगितलं, आणि सांगताना ती लाजली.

भाट पुन्हा आला तो दोन वर्षांनी. मला मुलगा झाला होता, त्याचं नाव लिहायला वडिलांनी वही उघडायला लावली. ते झाल्यावर म्हणाले, आता माझ्या नावाच्या वर माझ्या बहिणीचं लिही. भाट हसला, बायांची नावं वहीत येत नाहीत, म्हणाला. वडील म्हणाले, मग वही मीट आणि धोतर इथंच ठेव. भाटानं एकदा धोतराकडे पाहिलं आणि दौतीत बोरू बुडवला.

आत्या दाराआड उभी होती. वडिलांनी तिला बाहेर बोलावलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं मला विचारलं, यातलं कोणतं. मी दाखवलं. आईनं ठेवलेलंच होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं, आणि शाई ओली आहे हे आम्ही कोणी सांगायच्या आत ते नाव फिसकटलं.

भाट दुसऱ्यांदा लिहायला निघाला होता. आत्यानं त्याला लिहू दिलं नाही. तसंच राहू दे, म्हणाली, आणि काळं झालेलं बोट पदराला न पुसता आत गेली.