चिकाला खोबरेल

रिमोटवर गाड्या पळवणारी पिकल्या केसांची माणसं मला कधीच आवडली नाहीत. आता आवडतात असंही नाही. जिना चढताना गुडघ्यांच्या नावाने ओरडणारे हे लोक रविवारी सकाळी गावावरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळी माळावर जमायचे, आणि वीतभर गाडी कातळावर उलटली की पोटचं पोर पडल्यासारखे धावत सुटायचे. त्यात आमचे हे सगळ्यांच्या पुढे. निवृत्तीनंतर माणसाने चार कलमं लावावीत, भजनाला जावं. ह्यांनी गाडी घेतली. तिला खेळणं म्हटलं की ह्यांना राग यायचा, म्हणून मी मुद्दाम खेळणंच म्हणायचे.

मग ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि जीभ जड झाली. एक शब्द बाहेर यायला इतका वेळ लागायचा की तो पुरा व्हायच्या आत मीच पुढचं वाक्य बोलून मोकळी व्हायचे. पाणी हवंय ना? पंखा ना? थांबायला मला वेळ कुठे होता? व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, उजव्या बोटांना काहीतरी फिरवायला द्या. रबरी चेंडू दिला, तो ह्यांनी डाव्या हाताने फेकून दिला. बाहेर जायचं म्हटलं की भिंतीकडे तोंड करायचे. दवाखाना सोडला तर महिनोन्‌महिने घराबाहेर पाऊल नव्हतं.

एका दुपारी पाहते तर मांडीवर रिमोट, आणि उजव्या हाताची दोन बोटं त्याच्यावरचं छोटं चाक फिरवतायत. जेमतेम, पण फिरवतायत. मी ओट्याला धरून रडले, हे लिहून टाकते आणि पुढे जाते.

पाऊस उघडला की ह्यांना सड्यावर न्यायचं, हे मी तेव्हाच ठरवलं. अडचण एकच, गाडीचे टायर गुळगुळीत झाले होते. जांभा दगड टायर खातो. नवे टायर ह्यांनी आजारपणाच्या आधीच आणून ठेवले होते, पण जुने चाकांना गोंदाने चिकटवलेले, आणि तेही ह्यांच्या हाताने, म्हणजे जिथे दोन थेंब पुरेत तिथे अर्धी बाटली. त्या गाडीची चाकं आता कुठे मिळत नाहीत. जुनं रबर काढताना एखादं चाक मोडलं असतं तर गाडी संपली, आणि हे पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले असते.

ह्यांच्या दोन मित्रांना बोलावलं. आले, चहा प्यायले आणि अक्कल पाजळून गेले. पोफळीच्या वीजघरातून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले, "वहिनी, ओव्हनमध्ये ठेवा, आपोआप सुटतं." जसं काही माझ्याकडे केकचं दुकान आहे. दुसरे नाटे बंदरातले, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे. त्यांनी चाक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "वैनी, ह्या काय तुमचा काम नाय. गाडी इकून टाका." हे सगळं ह्यांच्यासमोर. ह्यांना ऐकायला येतं, एवढंही त्या शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही. मी कपबश्या उचलल्या आणि त्यांना दार दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागले. चिकटलेलं सोडवायचं मला कोण शिकवणार? जन्मभर फणस फोडलेत मी. ह्यांची खुर्ची मागच्या पडवीत आणली. आठळ्या उकडायचा जुना टोप शेगडीवर चढवला, पाण्याला उकळी आली तशी चारही चाकं आत सोडली. रबराच्या वासाने शेजारणीने खिडकी लावून घेतली. लावू दे. अर्ध्या तासाने एकेक चाक चिमट्याने बाहेर काढलं. आणि फणस फोडताना चीक चिकटू नये म्हणून करतो तेच केलं. हातांना खोबरेल चोळलं, बोथट सुरीच्या पात्याला चोळलं आणि पातं रबराच्या कडेखाली सरकवलं. गोंद तडतडला. गरम आहे तोवर ओढायचं, गार झालं की पुन्हा टोपात. तासाभरात चारही टायर वेगळे, आणि चाकाला साधी चीरसुद्धा नाही. पोफळी आणि नाटे मिळून जे सांगत बसले होते, ते मी एका वाटीभर तेलात केलं होतं.

ज्या फडक्याला तेलाचे हात पुसले, त्याच फडक्याने चाकं पुसून चकचकीत केली. हे खुर्चीतून बघत होते.

"ते... तेल," हे म्हणाले.

"सकाळीच चोळलं ना हाताला? आता संध्याकाळी."

"तेल... न..."

"नाही म्हणू नका, चोळावं तर लागणारच."

ह्यांनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवला. चिडचिड फार वाढली आहे, व्यायामाच्या बाईंना सांगायला हवं, असं मनाशी म्हणत मी नवे टायर चाकांवर चढवले, कडेकडेने गोंद सोडला आणि वर रबराचे पट्टे बांधले. दोन दिवस हे माझ्याशी धड बोलले नाहीत. तसेही कुठे बोलत होते, असं म्हणून मी तेही सोडून दिलं.

रविवारी रिक्षाने सड्यावर गेलो. मित्रांनी खुर्ची सावलीला मांडली, गाडी समोर ठेवली. माझी नजर गाडीवर नव्हतीच, त्या दोन बोटांवर होती. बोटं फिरली. गाडी सरळ गेली, पहिल्या वळणावर झुकली, आणि पुढचा टायर चाकावरून निसटून करवंदीच्या जाळीत गेला. पाठोपाठ दुसरा. गाडी नुसत्या चाकांवर कातळ खरवडत थांबली.

वीजघरवाल्यांनी गाडी उचलली, उघड्या चाकाच्या खाचेतून बोट फिरवलं, वास घेतला. "वहिनी, खोबरेल? तेलकट चाकाला गोंद धरतो होय?" दोघांनीही दात काढले.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. तोंड वाकडं करून, एकेक अक्षर ढकलत हे म्हणाले, "तेल... नको... म्हटलं... होतं."

वर्षभरात ह्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं अख्खं वाक्य. मित्रांनी टाळ्या वाजवल्या, एकाला तर रडू फुटलं. मला त्या टाळ्या सहन होईनात. हे वाक्य परवा पडवीतच आलं होतं. ह्यांनी ते दोनदा सुरू केलं आणि दोन्ही वेळा ते मी तोडलं. मित्रांना मी मनातल्या मनात मूर्ख म्हणत आले होते, पण ते बिचारे निदान चहा पिऊन निघून तरी गेले. मी वर्षभर ह्या माणसाच्या शेजारी बसून त्याचं बोलणं गिळत होते.

घरी आल्यावर पुन्हा टोप चढवला. उरलेले दोन टायर सोडवले, या वेळी कोरड्या हातांनी, बोटं भाजून घेत. चाकं भांड्यांच्या साबणाने घासली, पुसली आणि ह्यांच्यासमोर धरली.

"अहो, आता झालं?"

ह्यांनी डाव्या हाताने एक चाक मांडीवर घेतलं, खाचेतून बोट फिरवलं. ओठ हलले. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. शेगडीवरचं पाणी आटत चाललं होतं, तरी उठले नाही.

"पुन्हा..." हे म्हणाले, आणि बऱ्याच वेळाने, "धू."